जोशीकाकांचा दुसरा चंद्र

संकष्टीला आमच्या गल्लीतल्या बायका चंद्र बघून नव्हे, जोशीकाकांची हाक ऐकून उपास सोडत. पंचांगात चंद्रोदयाची वेळ छापलेली असे, पण काकांना ती चालत नसे. ते आपल्या माळवदावर जाऊन उभे राहत आणि चंद्र स्वतः दिसल्याशिवाय हाक देत नसत. ढग आले की गल्लीचे हाल. एकदा माझी आई भुकेनं कावून खालून म्हणाली की अहो, पंचांगाप्रमाणे चंद्र केव्हाच उगवलाय. वरून उत्तर आलं, "पंचांग छापणारा माळवदावर चढला होता का? गवाही काय?" मोदक गार होऊन दगड झाले, तेव्हा कुठं हाक आली.

'गवाही काय', म्हणजे पुरावा काय, हे काकांचं पालुपद. निजामाच्या अमदानीत त्यांनी काही वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केली होती. निजाम गेला, नोकरीही गेली, पण हा शब्द काही त्यांच्या तोंडून गेला नाही. सोनपेठच्या बाजारात वांगी घेतानासुद्धा, ताजी आहेत म्हणणाऱ्या माळणीला ते गवाही विचारत. ती बिचारी वांगं मोडून दाखवायची.

काका पत्रिका मांडायचे. त्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्यांच्यासारखा गैरसोयीचा जोशीही कुठं नव्हता. बाकीचे जोशी अडलेल्या आईबापाची कीव करत. जन्मवेळ जरा मागं घेतली की मुलीचा मंगळ गुमान शेजारच्या घरात जाऊन बसतो. काका असलं काही करत नसत, कोणी कितीही पाय धरो.

हा नेम त्यांनी स्वतःच्या घरीही मोडला नाही. सुमनताई त्यांची एकुलती एक मुलगी. तिला मंगळ होता. बघायला आलेल्या पाहुण्यांनी कपबशी खाली ठेवायच्या आत काका सांगून मोकळे व्हायचे की मुलीला कडक मंगळ आहे, आणि जन्मवेळ माझ्या डोळ्यांनी बघितलेली आहे. पाहुणे चहा संपवून उठायचे. काकू होत्या तोवर रडल्या, भांडल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढं काकू गेल्या, सुमनताईनं पस्तिशी ओलांडली आणि बापलेक एकमेकांना सांभाळून राहू लागले. सुमनताई रडूबाई मुळीच नव्हती. गल्लीतल्या आम्हां पोरींना शिवण शिकवायची आणि बापाची नक्कल अशी करायची की हसून हसून आमच्या हातातली सुई बोटात जायची.

मंगळ मलाही होता. पत्रिका काकांनीच मांडलेली, त्यामुळे सुटकेची आशा नव्हती. दोन स्थळं त्यापायी परत गेली होती. माझे बाबा भुसाराचं दुकान चालवायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हल्ली ते हातात तराजू धरून नुसते बसलेले असत.

अशात रशियानं आकाशात चंद्र सोडला. बातमी आमच्याच दुकानातल्या बॅटरीच्या रेडिओवर आली. काकांनी गवाही मागितली आणि कित्येक संध्याकाळी माळवदावर घालवल्या, पण तो चंद्र काही दिसला नाही. मग रशियानं दुसरा सोडला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि त्यात एक कुत्री बसवली म्हणे. काकांनी एवढंच विचारलं की त्या मुक्या जिवाला निदान मुहूर्त तरी बघून बसवलं का.

तो दुसरा मात्र मलाच दिसला. दिवेलागणीला मी माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या भरत होते. वायव्येकडून एक चांदणी निघाली आणि थांबेचना. मी काकांना हाक मारली. ते धोतराचा सोगा सावरत त्यांच्या माळवदावर आले, वर बघितलं आणि हात जोडले. चांदणी आग्नेयेला बुडेपर्यंत ते हलले नाहीत.

"इंदू," ते म्हणाले, "पंचांग बदलावं लागतंय."

मग काय विचारता. एसटीचे ड्रायव्हर, गोदावरीकाठी मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, बाजारकरी, दिसेल त्याला काका अडवायचे आणि चंद्र कुठून निघाला, कुठं बुडाला, केव्हा दिसला ते विचारायचे. एक धनगर म्हणाला, "मेंढरं कोंडली आन् चूल पेटायच्या आत दिसला बगा. लय घाईत व्हता." काकांनी त्या चुलीची वेळ काढण्यासाठी धनगराच्या बायकोला गाठलं आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. सगळा हिशोब खडूनं ओसरीच्या भिंतीवर चाले. भिंत भरली तेव्हा काकांची नजर स्वयंपाकघराकडे वळली, पण तिथं सुमनताई पोळपाट घेऊन दारात उभी राहिली.

धनगराचं बोलणं खरं निघालं. चंद्र खरंच घाईत होता. त्याची फेरी दिवसेंदिवस लवकर पुरी होत होती, म्हणजे तो हळूहळू खाली सरकत होता. काकांनी त्यावरून ताडलं की तिथं वरसुद्धा हवा असणार, अगदी विरळ, आणि तीच त्याला खाली ओढत असणार. पुढं पेपरात आलं की परदेशातले शास्त्रज्ञही या चंद्राच्या फेऱ्या मोजून वरच्या हवेचा अंदाज बांधतायत. काकांनी पेपर बाबांच्या ज्वारीच्या ढिगावर टाकला. "बघा, तिकडचे जोशीबी हेच करायलेत."

त्याच सुमारास मला पूर्णेचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, त्याचे वडीलही रेल्वेत गार्ड. मुलगा मला आवडला होता, उगीच खोटं कशाला बोलू? पण त्याची आई मंगळाला भिणारी. सोनपेठचे जोशी खोटं बोलत नाहीत हे तिनं ऐकलं होतं. त्यांनी चालेल म्हटलं तर माझी ना नाही, असं म्हणून ती पत्रिका आणि नवऱ्याला घेऊन सरळ काकांच्याच ओसरीवर येऊन बसली. झालं, संपलं, असं वाटून मी दाराआड सुमनताईचा हात घट्ट धरला.

काकांनी बराच वेळ पत्रिका बघितल्या. मग म्हणाले की मंगळ आहे, सातव्या घरात आहे आणि कडक आहे. माझ्या आईनं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात काका पुढं बोलले, "पण आता आकाशात चंद्र दोन आहेत. दुसऱ्याची दृष्टी थेट या मंगळावर पडायलीय. दोष राहत नाही."

माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं की हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय. काका म्हणाले, ग्रंथ लिहिणाऱ्यांनी हा चंद्र कुठं बघितला होता? तुमी उद्या संध्याकाळी बघा. पेपरात छापलेल्या वेळेच्या थोडा आधीच येईल.

दुसऱ्या संध्याकाळी सगळी गल्ली माळवदांवर. माझे होणारे सासरे हातात घड्याळ धरून उभे, आणि माझा जीव नुसता टांगणीला. तो आला नाही तर काकांचं बोलणं खोटं पडणार होतं आणि माझं लग्न मोडणार होतं. पण आला की. काकांनी सांगितल्यासारखाच, आधी. सासऱ्यांचा जन्म पॅसेंजर गाड्यांच्या उशिरात गेलेला. वेळेआधी आलेली वस्तू बघून त्यांचा ऊर भरून आला, आणि त्यांनी तिथंच सासूबाईंना सांगितलं की सुपारी फोडून टाका.

लग्न वैशाखातलं ठरलं, आणि चैत्राच्या शेवटी बातमी आली की चंद्र खाली येता येता जळून गेला. बाबांचं धाबं दणाणलं. पण पूर्णेहून सासऱ्यांचा निरोप आला, गाडी मुक्कामाला पोचलीय, आता इंजिन शेडात गेलं तरी काही बिघडत नाही.

माझ्या मनात मात्र एक किडा वळवळत होता. हळदीच्या आदल्या दिवशी मी काकांच्या पाया पडायला गेले. ते ओसरीवर एकटेच बसले होते. मी विचारलं, "काका, पत्रिका जन्मवेळेच्या आकाशाची असते ना? मी जन्मले तेव्हा हा रशियाचा चंद्र कुठं होता?"

"नव्हता," काका म्हणाले. तेव्हाही त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"मग?"

आत शिवणाचं मशीन चाललं होतं. सुमनताई माझं लग्नातलं पोलकं शिवत होती. काका त्या दाराकडे बघत राहिले.

"सुमनच्या वेळी मी लय खरं बोललो, इंदू," ते हळूच म्हणाले. "पुन्हा तेच करणं माझ्यानं झालं नाही."

मशीन थांबलं. पोलकं घालून बघ म्हणून सुमनताईनं आतून मला हाक मारली.

"जा," काका म्हणाले. "लय हौसेनं शिवलंय तिनं."