सोनबा सनईवाल्याच्या नाकातील गाठीची हकीकत

श्री.

श्वास घेणे आणि सोडणे ज्याचे सत्तेने चालते त्यास नमन करून, आणि वाचणारे व ऐकणारे यांचे आरोग्य चिंतून, शके १९४१ विकारी नाम संवत्सरी आणि त्यापुढील काही वर्षांत एका राज्यात जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. माणसे जैसी बोलली तैसे लिहिले आहे.

त्या राज्यात कालभैरवाचे थोर देवस्थान, आणि तेथे पहाटेची व सांजेची सनई वाजविण्याचा मान सोनबा घडशी यांचे घराण्याकडे होता. सोनबा पन्नाशीचे, अंगाने काटक, बोलणे थोडे, परंतु दमसास असा की एकदा सूर लाविला म्हणजे आरती संपेतो तुटत नसे. याची रीत अशी की, गालात वारा साठवावयाचा, आणि तो गालांनी सनईत लोटीत असता त्याच क्षणी नाकाने नवा श्वास ओढावयाचा, आणि ऐकणारास सांधा कळू द्यावयाचा नाही. सबब सनईवाल्यास जैसे ओठ तैसेच नाक. ऐसे असता सोनबांचे नाक बंद होऊ लागले. प्रथम सर्दी म्हणून काढा घेतला, मग वाफ घेतली, मग गावोगावचे वैद्य केले, आणि त्यांनी आत द्राक्षाच्या घडासारखे मांस लोंबते असे सांगून ते वरचेवर काढिले, आणि ते पुन्हा वाढले. वास कळेनासा जाहला, कपाळ दुखे, आणि डाव्या नाकपुडीतून मधूनमधून रक्त येऊ लागले. मग दसऱ्याचे दिवशी, पालखी सीमेवर जात असता, सोनबांचा सूर मधेच तुटला. त्यांनी पुन्हा लाविला, तो पुन्हा तुटला. लोकांनी माना वर केल्या. धाकट्या भावाने आपली सनई पुढे करून वेळ सांभाळली, आणि सोनबा पालखीमागून मुकाट चालत घरी आले आणि दोन दिवस सनईस हात लाविला नाही. तेव्हा त्यांची बायको वैजयंता हिने लुगड्यांचे बोचके बांधले आणि म्हणाली की, आता राजदवाखान्यात जायचे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी एकटी जाऊन तिथे बसेन.

राजदवाखान्यात नाकाच्या रोगांच्या शस्त्रवैद्या कमलजाबाई दळवी होत्या. बाई उंच, आवाजाने हळू, आणि एका गोष्टीच्या मागे लागल्या म्हणजे ती तडीस गेल्याखेरीज सोडावयाच्या नाहीत अशा. चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्या असतात, गालामागे, डोळ्यांच्या मधे आणि कपाळात, आणि त्यांची दारे नाकात उघडतात. ती दारे सुजून बंद जाहली म्हणजे आत पाणी कोंडते आणि सडते, आणि रोग वर्षानुवर्षे हटत नाही. या रोगाचा आणि या पोकळ्यांत वाढणाऱ्या गाठींचा शोध बाईंनी बहुत वर्षे चालविला होता. लोकांनी मरणोत्तर दान केलेल्या देहांवर त्यांनी हात बसविला, आणि कोणत्या गाठीचे मूळ कोठे धरते आणि तेथवर नाकाच्या वाटेने कैसे पोचावे याचा छडा लावीत होत्या. त्यांनी सोनबांस खुर्चीवर बसविले आणि बारीक दुर्बीण नाकात घालून पाहिले. उजवीकडे पांढुरके फुगलेले मांस दिसले, तो जुन्या सुजेचा रोग. मग डावीकडे पाहिले, आणि तेथे बहुत वेळ पाहत राहिल्या. तेथील मांस लालसर, खरबरीत, आणि दुर्बिणीचे टोक लागताच रक्त आले. बाईंनी त्यातला तुकडा काढून पारखावयास पाठविला, आणि यंत्रात शिर ठेववून हाडांची तसबीर घेतली.

पारख आली ती अशी की, उजवीकडे साधा रोग आणि डावीकडे गाठ. ही गाठ बाहेर वाढते तशी आतही उलटून वाढते, हाडात मुळ्या धरते. आज तिला कर्करोग म्हणता येत नाही, परंतु ठेविली तर काहींच्यात होतो, आणि मूळ राहिले तर ती परत येतेच. गावच्या वैद्यांनी दोन्हीकडचे एकच समजून दिसेल तेवढे काढिले, आणि मूळ तसेच राहिले. बाईंनी हे सोनबा आणि वैजयंता यांस समोर बसवून सांगितले, काही राखून ठेविले नाही. सोनबांनी ऐकिले आणि मग विचारिले की, काढल्यावर वाजवता येईल काय. बाई म्हणाल्या की ते आज सांगवत नाही.

आता राजदवाखान्याचा रिवाज असा की, अवघड गाठीचा निर्णय एकट्याने करू नये, शस्त्रवैद्यांचा दरबार भरवावा. त्याप्रमाणे दवाखान्याचे अधिपती दादासाहेब यांनी दरबार भरविला. तेथे थोरले शस्त्रवैद्य नारोपंत टिल्लू आले. पंतांचा हात राज्यात सर्वांत खात्रीचा. ज्यांस सर्वांनी सोडिले अशी किती एक माणसे त्यांनी वाचविली होती. त्यांची रीत जुनी आणि पारखलेली. नाकाच्या कडेने चेहरा चिरावा, गाल बाजूस करावा, हाडाची भिंत काढावी, आणि गाठ उघड्या डोळ्यांनी पाहून मुळासकट उचलावी. त्याने व्रण राहतो, वरचा ओठ बधिर होऊ शकतो, परंतु गाठ नजरेखाली येते. कमलजाबाईंचे म्हणणे असे की, नाकाच्या वाटेने दुर्बीण घालून जावे, लोंबते मांस आधी कमी करावे, मूळ शोधावे, आणि जेथे ते धरले असेल तेथील हाड खरवडून काढावे, म्हणजे चेहरा आणि ओठ शाबूत राहतो. पंतांनी सर्व ऐकून घेतले आणि मग शांतपणे विचारिले की, तुमच्या रीतीने काढलेल्या गाठी किती जणांत परतल्या. दरबारात सर्वांच्या नजरा बाईंकडे गेल्या.

बाई म्हणाल्या, "तिघांत परतल्या, पंत. तिघांतही मी मांस काढलं आणि हाड तसंच ठेवलं. त्यानंतर हाड खरवडल्याशिवाय मी बाहेर आलेले नाही, आणि त्यानंतरची एकही अजून परतलेली नाही. पण त्यांना दोनच वर्षं झाली आहेत. ही गाठ उशिरासुद्धा येते. म्हणून खात्री देत नाही."

हे ऐकून पंत म्हणाले की, सनईवाल्याचा ओठ वाचवावा हे मलाही कळते, परंतु ओठ वाचविण्याच्या नादात मूळ राहिले आणि उद्या त्याचा कर्करोग जाहला तर त्या ओठाचे काय करणार. दोहोंत फार वेळ बोलणे जाहले, आणि कोणी आवाज चढविला नाही, आणि कोणी मागे सरले नाही. शेवटी ठरले ते असे की, बाईंनी नाकातून जावे, आणि मूळ हाती लागले नाही तर तेथल्या तेथे, त्याच भुलीत, पंतांनी चेहरा उघडावा. पंत आरंभापासून शेजारी उभे राहतील. आणि हे रोग्यास आधी सांगावे, आणि तो म्हणेल तर करावे.

सोनबांस बोलाविले. बाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या. डोळा जवळ आहे, मेंदूचे आवरण जवळ आहे, तेही सांगितले. सोनबांनी वैजयंतेकडे पाहिले. ती म्हणाली, "अहो, माणूस घरात बोलतं-चालतं असलं म्हणजे झालं. सनई मी खुंटीला लावीन आणि रोज पुसून ठेवीन." मग सोनबा बाईंस म्हणाले, "बाई, तोंड राखायला म्हणून गाठ ठेवू नका. आणि चिरायचंच झालं तर चिरा. मी झोपेत असेन, मला विचारायला थांबू नका." इतके बोलून त्यांनी अंगठीचा हात वैजयंतेपुढे केला, आणि तिने अंगठी काढून घेतली.

नेमल्या दिवशी सकाळी सोनबांस भूल दिली. कमलजाबाईंनी उजवीकडून आरंभ केला, सुजलेले मांस काढिले, आणि पोकळ्यांची दारे रुंद केली, अशासाठी की पुढे औषधाचे पाणी आतवर जावे. मग डावीकडे गेल्या. लोंबता भाग थोडाथोडा करून काढिला, आणि गालामागच्या पोकळीचे दार उघडले, आणि आत मूळ शोधू लागल्या. तसबिरीत हाड जाड दिसत होते तेथे मूळ असावे असा सर्वांचा अदमास, परंतु तेथे पाहता गाठीचे मांस नुसते टेकले होते. मूळ निघाले पोकळीच्या पुढच्या कोपऱ्यात, डोळ्यातले पाणी नाकात उतरते त्या नळीच्या पुढे, जेथे सरळ दुर्बीण वळत नाही आणि हत्यार पोचत नाही. बाईंनी वाकडी दुर्बीण घेतली. मूळ दिसले, परंतु हत्यार टेकेना. पुन्हा प्रयत्न केला, टेकेना. पंतांनी हातमोजे चढविले होते आणि चिरावयाचे शस्त्र त्यांचे शेजारी मांडिले होते.

बाई थांबल्या, आणि म्हणाल्या की, पंत, अश्रूंच्या नळीच्या पुढून हाडात लहानशी खिडकी पाडिते, नळी तशीच बाजूस सारते, आणि समोरून मुळावर जाते, देहांवर ही वाट मी बहुत वेळा केली आहे, जिवंत माणसावर प्रथमच. परंतु दोन्ही हात हत्यारांस लागतील, दुर्बीण कोणी स्थिर धरावी लागेल, आणि ती धरणाराचा हात हलला तर नळी तुटेल. तेथे शिकाऊ वैद्य होते. पंतांनी त्यांजकडे पाहिले नाही. शस्त्राकडे एकवार पाहिले, मग पुढे जाऊन बाईंच्या हातून दुर्बीण घेतली आणि म्हणाले, "पाडा खिडकी. मी धरतो."

मग बाईंनी खिडकी पाडिली, नळी न तोडिता बाजूस केली, आणि समोर मूळ आले. ते धरून सोडविले, आणि खालचे हाड फिरत्या कानशीने खरवडू लागल्या. पंतांचा हात दगडासारखा. पुरे झाले असे वाटून बाईंनी कानशी मागे घेतली, तेव्हा पंत, दुर्बिणीतले उमटते त्या पडद्यावरून नजर न काढिता, म्हणाले, "नाही, अजून. वरच्या कडेला रंग वेगळा आहे." बाईंनी पाहिले, खरेच होते, आणि तेवढेही खरवडून काढिले, आणि कडेचे तुकडे पारखावयास निराळे ठेविले. चेहरा उघडावा लागला नाही. पंत दुर्बीण खाली ठेवून बाहेर आले आणि वैजयंतेस स्वतः सांगितले की, काम बाईंनी केले, आणि मनासारखे जाहले.

आठवड्याने पारख आली. गाठीत एके जागी पेशी बिघडावयास लागल्या होत्या, म्हणजे आणखी काही काळ गेला असता तर ती कर्करोगाच्या वाटेस लागली असती. सर्व खरवडल्यावर घेतलेले कडेचे तुकडे स्वच्छ निघाले. पंतांनी दाखविलेला वरच्या कडेचा तो वेगळ्या रंगाचा तुकडा मात्र गाठीचाच होता. बाईंनी ते वाचून पंतांकडे जाऊन सांगितले, आणि पंतांनी मान हालविली.

सोनबांस त्वरित गुण आला असे नाही. नाकात खपल्या धरत, दिवसातून दोन वेळा मिठाच्या पाण्याने धुवावे लागे, आणि वरच्या दातांची जागा कैक दिवस बधिर होती. सुजेचा रोग समूळ जाणारा नव्हे, औषधाचे पाणी जन्मभर लागेल, असे बाईंनी बजाविले होते, आणि वैजयंता ते चुकू देत नसे. वास अर्धामुर्धा परतला. सनई धरिली तेव्हा सूर लागला, परंतु गाल आणि नाक यांचा मेळ मोडला होता. सोनबा घरामागे जाऊन, नुसत्या नळीने पाण्यात फुंकर घालीत, बुडबुडे न तुटता नाकाने श्वास घेण्याचा सराव करू लागले, जैसा नवशिक्या करितो. धाकटा भाऊ म्हणाला की, दादा, इतकी घाई काय, मी वाजवतो आहे. सोनबा म्हणाले, तू वाजव, मी शिकतो. चैत्रात ते पुन्हा देवळात बसले. पूर्वीइतका लांब सूर आला नाही, मधे एकदा श्वास ऐकू आला. आरती संपली. सोनबांनी सनई पुसून ठेविली आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा येऊन बसले.

पुढे दर सहा महिन्यांनी ते राजदवाखान्यात येत आणि बाई दुर्बिणीने पाहत. तिसरे वर्षी जागा स्वच्छ होती, आणि तोवर या वाटेने आणखी कित्येकांच्या गाठी निघाल्या होत्या. दादासाहेबांनी दरबारात बोलून दाखविले की, आता नवी रीत जिंकली असे जाहीर करावे आणि जुनी बंद करावी. तेव्हा कमलजाबाईंनी हात जोडून नकार दिला, आणि म्हणाल्या की परत येणारी गाठ उशिरा येते, पाच वर्षे पुरी होऊ द्यावी. आणि त्याच महिन्यात एक शाळामास्तरीण आली, तिच्या गाठीचे मूळ कपाळाच्या पोकळीत, अगदी बाहेरच्या कोपऱ्यात. तिला दोन्ही वाटा सांगून भूल दिली, बाईंनी वाकड्यात वाकडी दुर्बीण घातली, आणि मूळ दिसले नाही. नारोपंत तेव्हा सेवेतून मोकळे होण्यास आले होते. बाईंनी त्यांस बोलावणे पाठविले, आणि ते आले, तेव्हा रोग्याच्या उशाकडील आपली जागा सोडून बाजूस उभ्या राहिल्या.

"पंत, इथे नाकातून पोचत नाही," त्या म्हणाल्या. "भुवईवरून आपण उघडा. दिवा मी धरते."

पंतांनी शस्त्र घेतले, आणि बाईंनी दिवा धरिला, आणि मूळ निघाले.

येणेप्रमाणे वर्तमान. सोनबा घडशी सनई वाजवितात. मास्तरीणबाई शाळेत शिकवितात, कपाळावर बारीक रेघ आहे. कोणती गाठ कोणत्या वाटेने काढावी याचा शोध त्या राज्यात अद्याप चालू आहे. जे पाहिले आणि ऐकिले ते लिहिले, अधिक नाही. इति.