जावयाशेजारची जागा

विमानात शेजारी बसायचं असेल तर जागेचे वेगळे पैसे भरावे लागतात, हे मला लग्नानंतर पाचव्या महिन्यात कळलं. आणि ते भरायचे नाहीत, हा माझ्या संसारातला पहिला निर्णय मी त्याच संध्याकाळी घेतला. तोवर निर्णय माझा नवरा कवीसा घ्यायचा आणि मी "हं" म्हणायचे. (सासरी माझी ख्याती 'गप्प मुलगी' अशी आहे. गप्प माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे कुणी विचारत नाही, ही त्यातली मोठी सोय.)

झालं असं की, जोहान्सबर्गला माझ्या भावाला जुळं झालं. जुळ्यांच्या समारंभाला आजी नाही म्हणजे ढोल वाजवायचेच कशाला? आई राहते इथे युगांडातच, मसाकाला. बसखेरीज कशात बसलेली नाही. तेव्हा तिला घेऊन मी आणि कवीसा असे तिघं एंटेबेच्या विमानतळावरून निघणार, असं ठरलं. आईची अट एकच.

"जावई माझ्यापासून वीस पावलांवर पाहिजे. विमान तेवढं लांब असतं ना?"

"असतं, आई."

"मग शब्द दे."

दिला. आम्हा बागांडांत सासू-जावयाचा मान असाच राखतात. शेजारी बसायचं नाही, शिवायचं नाही, एकमेकांसमोर जेवायचं नाही, तोंडाकडे तर बघायचंच नाही. चुकून शिवलं तर अंगाला कंप सुटतो, असं आई सांगते. कंप सुटलेलं माणूस मी पाहिलेलं नाही, पण आमच्या गावात कुणी शिवूनही पाहिलेलं नाही.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? वीस पावलं आईपेक्षा मलाच जास्त हवी होती.

दर शनिवारी आई मसाकाहून आमच्याकडे कम्पालाला बसच्या ड्रायव्हरबरोबर जावयासाठी लुवोम्बो पाठवते. अख्खी कोंबडी, शेंगदाण्याच्या दाट रस्स्यात, केळीच्या पानात बांधून वाफवलेली. पहिल्या शनिवारी कवीसाला शिकवणीवरून यायला उशीर झाला. (तो गणिताचा मास्तर आहे.) मी फक्त एक तंगडी खाल्ली. मग एका तंगडीची कोंबडी नवऱ्यापुढे ठेवणं बरं दिसेना, म्हणून दुसरी खाल्ली. बिनतंगड्यांची तर अजिबातच बरी दिसेना. तो घरी आला तेव्हा मी पान बाहेर टाकून खिडक्या उघडून बसले होते.

आईने फोनवर विचारलं, "आवडली का?"

"फार आवडली," मी म्हटलं. यात खोटं काय? कुणाला, ते तिने विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी कोंबडी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आईच्या मते बायकांनी कोंबडी खायचीच नसते; तिने स्वतः आयुष्यात खाल्लेली नाही. कम्पालात हे आता कुणी पाळत नाही, पण आई कम्पालात राहत नाही. तिचा निरोप जावयाला माझ्यामार्फत, जावयाचा तिला माझ्यामार्फत. पाच महिने मी दोन्हीकडचे निरोप नीट पोचवत होते. काही वाटेत घडवत होते, काही वाटेत खात होते. ही दोघं एकमेकांशी बोलली की मी संपले, हे मला पक्कं माहीत होतं.

म्हणून जागांचा प्रश्न आला तेव्हा मी आमच्या ऑफिसातल्या इमॅक्युलेटला विचारलं.

"पैसे भरले नाहीस ना, तर तुम्हाला मुद्दाम तीन कोपऱ्यांत फेकतील बघ," ती म्हणाली. "माझा नवरा शेपटीत, मी पंखावर आणि पोरगं वैमानिकाच्या मांडीवर बसायचं बाकी होतं!"

ऐकून मला भरूनच आलं. तीन कोपरे! फुकट!

"आपण भरूया ना," कवीसा म्हणाला. "तू आणि मी शेजारी, आईंना पार पुढे बसवू."

"चार तासांसाठी कशाला?"

"लग्नाला पाचच महिने झालेत," तो हिरमुसून म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. तरी मी कॉम्प्युटरवर 'नको' दाबलं. कॉम्प्युटरने "नक्की?" असं विचारलं, पुन्हा 'नको' दाबलं.

एंटेबेच्या काउंटरवर सामान द्यायला मीच उभी होते. कवीसा बॅगा ठेवून पुढे गेला होता, आई मागे एका खांबाआड होती. काउंटरवरची मुलगी पासांवर नजर टाकून हळहळली. "अरेरे, यंत्राने तुम्हाला पार पांगवलंय की! म्हातारं माणूस एकटं कसं बसणार? थांबा हं." तिने टकटक केलं आणि गोड हसली. "आजींना घरच्या माणसाशेजारी दिलंय. आता काळजी नको."

घरचं माणूस म्हणजे मी, असं मी धरून चालले. तिचे आभार मानले. पास वाचले नाहीत. (दहावीलाही मी प्रश्नपत्रिका अशीच धरून चालले होते.)

रीतीप्रमाणे कवीसा रांगेत सर्वांत पुढे, आम्ही मायलेकी सर्वांत मागे. आईने नवी गोमेसी नेसली होती, जांभळी, कमरेला पट्टा आणि खांद्यांना अशी ताठ टोकं की दारातून तिला जरा तिरकंच व्हावं लागलं. विमानात शिरताच हवाई सुंदरीने तिचा पास पाहिला, "या आजी," म्हणून हात धरला आणि तिला घेऊन गेली. मी मागोमाग जाणार तर सातव्या रांगेत एक बाई वर बॅग कोंबत वाटेत उभी. माझा पास पाहिला, तर माझी जागाही सातव्याच रांगेत. मग आई कुणाशेजारी?

बाईच्या काखेखालून मी मागे बघितलं. चोवीस नंबरच्या रांगेत कडेला एक धिप्पाड गृहस्थ, मधल्या जागेवर आई, आणि खिडकीशी कुणीतरी तोंडावर कोट ओढून झोपलेलं. तो कोट मीच इस्त्री केला होता.

मी त्या बाईची बॅग वर ढकलली आणि वाट काढली.

हवाई सुंदरीने आईच्या सीटचा पट्टा आवळला. आईच्या गोमेसीचं टोक कोटाला लागलं. कोट घसरला. आईने मान वळवली, जावयाने डोळे उघडले, आणि दोघांनी असे चेहरे फिरवले की मधल्या हवेला फटका बसला असेल. कवीसाने खिडकीला नाक लावलं. आईने धिप्पाड गृहस्थांच्या तोंडाला तोंड भिडवलं. गृहस्थ दचकले.

मी धावत पोचले. "आई, ऊठ! मी इथे बसते, कवीसा पुढे जाईल."

"तो बाहेर येणार कुठून? माझ्या गुडघ्यांवरून?"

"तू आधी ऊठ ना."

"मी हा पट्टा सोडणार नाही," आई डोळे घट्ट मिटून म्हणाली. "ही पोरगी म्हणाली, मी सांगेपर्यंत सोडू नका. जमिनीवर उतरेपर्यंत मी सोडणार नाही. तू शब्द दिला होतास."

"सेबो, साहेब," मी त्या गृहस्थांना विनवलं, "तुम्ही जरा मध्ये बसाल?"

"कडेच्या जागेचे मी पैसे भरलेत, न्याबो. माझे गुडघे बघा." गुडघे खरंच बघण्यासारखे होते. "भांडण झालंय का यांचं?"

"नाही हो, फार आदर आहे."

"आदर आहे म्हणून शेजारी बसत नाहीत?" ते चकित झाले. ते कांगोतल्या लुबुम्बाशीचे, टायरचे व्यापारी, कम्पालात राहून आमची लुगांडा भाषा पक्की झालेली. "माझी सासू वीस वर्षं माझ्याच सोफ्यावर बसते. मला तिचा काडीचाही आदर नाही."

तेवढ्यात हवाई सुंदरीने मला दंडाला धरून सातव्या रांगेत आणून बसवलं.

विमान उडालं. माझं आयुष्यातलं पहिलं उड्डाण. पलीकडच्या खिडकीतून व्हिक्टोरिया सरोवर दिसतंय, असं सगळे म्हणत होते. मी मान मोडून चोवीस नंबरकडे बघत होते. एक डोकं खिडकीकडे, एक डोकं टायरवाल्याकडे. दोन्ही गप्प. गप्प राहा, मी मनात म्हणत होते, उतरेपर्यंत असेच मानाने राहा.

मग टायरवाल्याचे ओठ हलताना दिसले. तो आईशी काहीतरी बोलला. मग आईच्या डोक्यावरून वाकून कवीसाशी बोलला. मग पुन्हा आईशी. निरोप्या! माझ्या नोकरीवर दुसरा माणूस बसला होता, आणि तो निरोप होते तसेच पोचवत होता!

पट्ट्याचा दिवा विझताच मी उठले. पण तोवर जेवणाची गाडी निघाली होती. वाट एक, गाडी वाटेएवढी रुंद. मी गाडीमागे, गाडीपुढे माझा संसार.

"कोंबडी की मासा?" हवाई सुंदरीने बाराव्या रांगेला विचारलं.

"मला जरा पलीकडे जाऊ द्या."

"जागेवर बसा, मॅडम. कोंबडी की मासा?"

मी बसले नाही. तेरा, चौदा, पंधरा. दर रांगेला कोंबडी की मासा. दर रांगेला माझ्या अंगावर काटा. एकोणिसाव्या रांगेत एका माणसाने मासा कुठला आहे, ताजा आहे का, काटे किती आहेत, अशी चौकशी सुरू केली, तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण सगळेच प्रवासी इतके चोखंदळ नव्हते. चोवीस आली.

"कोंबडी की मासा, आजी?"

"मला काही नको. जावयासमोर मी जेवत नाही," आई टायरवाल्याला म्हणाली. "पण माझी कोंबडी त्यांना द्या. आणि विचारा, मी दर शनिवारी पाठवते ती पुरते का?"

मी गाडीमागून हात हलवले. ओठांवर बोट ठेवलं. गळ्यावरून हात फिरवला. कवीसाने मला पाहिलं आणि काळजीने विचारलं, "घसा दुखतोय का तुझा?"

"साहेब," टायरवाला पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सासूबाई विचारतात, दर शनिवारची कोंबडी पुरते का?"

"कोणती कोंबडी?"

माझा नवरा खोटं बोलत नाही. लग्नाआधी मला याचं फार कौतुक होतं.

"ते विचारतात, कोणती कोंबडी?"

"लुवोम्बो!" आईचा आवाज चढला. "पानातली! पाच महिने पाठवतेय!"

"पाच महिने म्हणजे वीसेक कोंबड्या झाल्या, साहेब."

"बावीस," कवीसाने आपोआप हिशेब दुरुस्त केला आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "बावीस? अख्ख्या?"

"अख्ख्या!" आई म्हणाली. "फोनवर तर ही सांगायची, त्यांनी पानसुद्धा चाटलं."

तेविसाव्या रांगेतली माणसं वळली, पंचविसाव्यातली उभी राहिली. आईने हळूच मान फिरवून गाडीमागे माझ्याकडे पाहिलं. वरून खाली पाहिलं. लग्नाचा ब्लाउज मला का होत नाही, हे तिला त्या क्षणी उमगलेलं मला स्पष्ट दिसलं.

"तू?" ती म्हणाली. "बाई असून? कोंबडी?"

मी गप्पच. (इतकी वर्षं गप्प राहिले, आता कुठून सुरुवात करणार?)

मग आईने, जिने शेजारच्या घरातल्या जावयाकडेही कधी नजर वर केली नाही, सरळ वळून माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "बाळा, तू शनिवारी जेवतोस तरी काय?"

"चहा-पाव," कवीसा म्हणाला.

आणि विमानाला कंप सुटला.

पेले खणखणले, वरचे दिवे लुकलुकले, एक पोर किंचाळलं. "बघा!" आई ओरडली. "सांगत होते! तोंडाकडे पाहिलं मी!" वैमानिक ढगांबद्दल काहीतरी सांगत होता, पण आजूबाजूच्या बागांडा मंडळींनी त्याचं ऐकलं नाही, ते सगळे माझ्याकडे बघत होते. टायरवाल्याने छातीवर क्रूस काढला आणि पहिल्यांदाच मधली जागा घ्यायची तयारी दाखवली. मला पुन्हा दंडाला धरून सातव्या रांगेत आणून बांधण्यात आलं.

कंप दहा मिनिटांनी थांबला. हवाई सुंदरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात दोन ताटं होती, झाकणंही न उघडलेली.

"चोवीस नंबरमधून पाठवलीत. दोन्ही कोंबडीच." तिने आवाज खाली आणला. "मॅडम, तुमची तिसरी इथेच वाढू, की पुरे?"

जोहान्सबर्गला समारंभ थाटात झाला. ढोल वाजले, जुळी रडली, आई माझ्याशी पंधरा दिवसांत पाच वाक्यं बोलली असेल. जावयाला तिने माझ्या भावाच्या स्वयंपाकघरात लुवोम्बो करून भावाच्याच हाती पाठवलं. कवीसा दार लावून जेवला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. "बावीस," एवढंच तो म्हणाला.

परतीच्या तिकिटांना मी कुणाला काही न विचारता तिघांच्या जागांचे पैसे माझ्या पगारातून भरले. आई खिडकीशी, कवीसा कडेला, मध्ये मी. रीत सांभाळली, मान सांभाळला, शिवाय एकदाची नवऱ्याशेजारी बसले. विमान उडालं तेव्हा मी त्याचा हात हातात घेतला. त्याने घेऊ दिला.

"त्याला सांग," आई खिडकीतून ढगांकडे बघत म्हणाली, "यापुढे डबा त्याच्या शाळेत पाठवीन."

"आई यापुढे डबा तुझ्या शाळेत पाठवणार आहे."

"त्यांना सांग, मी आभारी आहे," कवीसा समोरच्या सीटकडे बघत म्हणाला. एक एक शब्द दोघांनाही ऐकू जात होता. तरी दोघं थांबून राहिली, मी बोलेपर्यंत.

"तो आभारी आहे, आई."

"त्याला सांग, पोरीला असं वळण आम्ही लावलं नव्हतं."

"मला असं वळण त्यांनी लावलं नव्हतं."

"त्यांना विचार, ही पहिल्यापासूनच अशी आहे का?"

पलीकडच्या ओळीतल्या तिघांनी पुस्तकं मिटली. उतरायला अजून साडेतीन तास होते.

"आई, मी पहिल्यापासूनच अशी आहे का?"

आईने ढगांकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं.

"त्याला सांग, लहानपणी बरी होती."

मी नवऱ्याकडे वळले. "लहानपणी," मी म्हटलं, "मी बरी होते."