उत्तरेला सकाळचं पाणी

आमच्या गल्लीतले तात्या जेवणाच्या पंगतीलाही दिशा लावतात. आमच्याकडे सत्यनारायणाचं जेवण होतं. वाढपी दोनदा जिलबी घेऊन फिरला आणि दोन्ही वेळा शेवटच्या टोकाशी पोचायच्या आत परात रिकामी झाली. तात्यांच्या ताटात जिलबी होती, पण ती तशीच ठेवून ते उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या पंगतीच्या उत्तरेला आजून जिलबी न्हाई. वाढपी बदला." वाढपी माझा मेहुणा होता. तेव्हापासून तो सोलापुरात आला तरी सात रस्ता चौकात कामं उरकून परस्पर परत जातो.

तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटेच असतात. खाकी सुटली, पण चामड्याची पिशवी अजून खांद्याला आहे. त्यांचं सगळं राजकारण, समाजकारण आणि अध्यात्म एका वाक्यात मावतं, "मागच्या शिटावरच्यानं बी तिकीट काढलंय की!" हे वाक्य त्यांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये वापरलंय, रेशनच्या रांगेत वापरलंय आणि एकदा शोकसभेतसुद्धा वापरलंय. शोकसभेत त्याचा अर्थ कुणाला लागला नाही, पण दोघंतिघं रडले.

आता मागचं शीट म्हणजे कोण, ते सांगतो. आमचा प्रभाग एका ओढ्यानं दोन केलाय. दक्षिणेला आम्ही, पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी. उत्तरेला ओढ्यापलीकडची वस्ती, पाइपलाइनच्या अगदी शेपटाला. नळाला पाणी चार दिवसांआड, पण आमच्याकडे ते सकाळी सातला येतं; चहा घेता घेता हौद भरतो. उत्तरेला ते त्या दिवशी कधीतरी येतं. केव्हा, ते पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यालाही सांगता येत नाही. पाण्याच्या दिवशी तिकडचं माणूस घर सोडत नाही. लग्न असो, बारसं असो, "आज पाणी आहे" म्हटलं की सोलापुरात पुढं कुणी काही विचारत नाही.

महापालिकेची निवडणूक लागली आणि तात्या अपक्ष उभे राहिले. जाहीरनामा एक पानी, हातानं लिहून झेरॉक्स मारलेला. पहिला मुद्दा, उत्तरेला सकाळी सातला पाणी, एक महिना त्यांना, एक महिना आपल्याला, आलटून पालटून. दुसरा, सिटी बस ओढ्याच्या अलीकडे वळते ती पलीकडे जाऊन वळेल. तिसरा, उत्तरेच्या दवाखान्यात डॉक्टर असेल. खाली कंसात लिहिलं होतं, 'रोज'. दक्षिणेसाठी काय, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "तुमी डायवरच्या मागं बसलाय. तुमाला काय पायजे आनी?"

अर्जावर सूचक म्हणून सही करायला ते माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, माझी सही चांगली. "सर, तुमचं नाव आसलं की अर्जाला वजन येतंय," म्हणाले. सही करायला आपलं काय जातं? मी झोकात सही ठोकली, वर चहा पाजला. तात्यांनी चिन्ह म्हणून शिट्टी मागितली होती, मिळाली ढोबळी मिरची. "मिरची तर मिरची," म्हणत ते दारोदार फिरले. प्रत्येक दारात जाहीरनामा अख्खा वाचून दाखवत आणि मध्ये कुणी उठलं तर पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून सुरू करत.

मतदानाच्या आदल्या दिवशी बायकोनं मला सरळ विचारलं, "तात्या देवमाणूस आहेत, मान्य. पण आपलं पाणी भलत्या वेळी यायला लागलं तर भरायला कोण उठणार? तात्या?" मी म्हटलं, "ते थोडेच निवडून येतायत?" ती म्हणाली, "आले तर?"

आमच्याकडे एका मतदाराला चार मतं द्यायची असतात, चार जागांसाठी चार बटणं. मी तीन दाबली. चौथ्या यादीत खालून दुसरी ढोबळी मिरची होती. बोट तिथवर नेलं, खोटं सांगत नाही. मग सात वाजताचा नळ आठवला आणि बोट वर सरकलं. ज्याच्या अर्जावर माझी सही, त्याच्याविरुद्ध मी मत दिलं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

तात्या पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांच्या उत्तरेनंसुद्धा बिर्याणी वाटणाऱ्या उमेदवाराला मत दिलं. पण हल्ली यंत्रागणिक आकडे कळतात, तिथं घोटाळा झाला. आमच्या बूथवर तात्यांना एक मत होतं. फक्त एक.

संध्याकाळी चौकात गल्ली जमली. कुणीतरी मोठ्यांदा हिशेब मांडला, "उमेदवाराचं एक, सूचकाचं एक, म्हणजे दोन तरी पायजेत. मग एक गेलं कुटं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात तात्या कपाळावर हात मारून म्हणाले, "ते एक मत सरांचं हाय. माजंच बटन चुकलं! चार-चार यंत्रं, म्या गडबडलो आन् दुसऱ्यालाच दाबून आलो."

गल्ली पोट धरधरून हसली. स्वतःला मत देता न आलेला उमेदवार! तात्याही हसले. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण हसायला.

तीन दिवस मी त्यांना टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी पाणी भरून झालं, मंगळवार असूनही शाळेला सुट्टी होती, आणि मला घरात बसवेना. दुपारी बाराच्या सुमारास कबूल करून टाकायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो.

स्वयंपाकघरात दोन ताटं मांडलेली होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाची आमटी आणि वाटीत शिरा. "शैला यायचीय," तात्या म्हणाले. शैला त्यांची एकुलती एक मुलगी. ओढ्यापलीकडे दिलीय एवढं मला माहीत होतं. ती गल्लीत कधी दिसली होती, ते मात्र आठवेना.

तेवढ्यात फोन वाजला. तात्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन स्पीकरवर लावतात. "तात्या, पाणी आजून आलं न्हाई. आज बी जमंना बगा."

"मग थांब की पाण्याला," तात्या म्हणाले. "म्या काय कुटं पळून चाललोय व्हय? येत्या रविवारी यी."

"येत्या रविवारी बी पाण्याचाच दिवस येतोय, तात्या."

"मग त्याच्या फुडच्या."

त्यांनी फोन ठेवला आणि शिऱ्याच्या वाटीवर झाकण घातलं. मी विचारलं, "तात्या, तुम्हीच का जात नाही तिकडं?"

"जातो की. दारातनंच बगून येतो. बसत न्हाई." मग म्हणाले, "लेकीच्या घरचं पाणी पिऊ न्हाई म्हनत्यात. आन् तिच्या घरचं तर न्हाईच न्हाई, सर. चार दिस पुरवून वापरती ती. कोन बी घरात येऊन बसलं की तांब्याभर तरी लागतंय."

तात्यांचा पहिला मुद्दा मला तेव्हा कळला. जाहीरनामा मी त्यांच्याच तोंडून दोनदा ऐकला होता.

"तात्या," मी म्हटलं, "बटण तुमचं चुकलं नव्हतं. मी..."

"म्हाईतंय," ते म्हणाले. "जेवा आदी."

मी शैलाच्या ताटावर बसलो. तात्यांनी पितळी तांब्या काठोकाठ भरून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "प्या की, सर. लाजताय कशाला? आपल्याकडं हाय पाणी."

मी प्यालो. लाज वाटत होती आणि तहानही लागली होती.