बैठक जमली पाहिजे

वामनदादा भोईर कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची तपासतात, मग बसतात. पुढच्या कडेवर टेकायचं, डावी टाच रोवून चवडा तीनदा आपटायचा, मग उजव्या हाताचा पंजा कंबरेमागे सरकवून पाठ आणि खुर्ची यांच्यात किती जागा उरते ते बघायचं. एवढं झाल्यावर मान हलते किंवा हलत नाही. चहा त्यानंतर. एका मयताच्या घरी भेटायला गेलो होतो, तिथेही त्यांनी हे केलं. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्या पायात गोळा आला. आतून तेलाची वाटी आली.

दादा आमच्या वाद्यवृंदात गिटार वाजवतात. मी दिवसा भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये मालाची आवक-जावक बघतो आणि कार्यक्रम असेल तेव्हा ऑर्गन वाजवतो. हळदी, साखरपुडे, वाढदिवस, जे येईल ते. दादांची साठी उलटली आहे. त्यांच्या पायाशी कापड विणायच्या जुन्या लूमची एक फळी असते आणि तिच्यावर स्क्रूने घट्ट बसवलेले तीन पेडल. कंपनीने दिलेली नावं दादांनी रद्द केली आहेत. आवाज ओला करणारा तो रडवा, खरखरीत करणारा घोगरा आणि घुमवणारा विहीर. गाणं चालू असताना ते डाव्या पायाने एक बंद करून दुसरा चालू करतात, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

कारण गिटार असते उजव्या मांडीवर. डावा पाय हलला की कंबर हलते, कंबर हलली की गिटार हलते. मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीला हात असतात, त्यांवर गिटारचं पोट आपटतं. सोफ्यात माणूस रुततो, गुडघे वर येतात आणि दाबायचा नसलेला पेडलही दाबला जातो. उंच स्टुलावर पाय लोंबकळतो. एका वाढदिवसाला यजमानांनी कौतुकाने स्वतःच्या ऑफिसातली फिरती खुर्ची आणली. दादांनी विहीर दाबली, खुर्ची फिरली आणि सबंध तुकडा त्यांनी मागच्या पडद्याकडे तोंड करून वाजवला. वाजवला मात्र अप्रतिम.

‘दादा, मग उभं राहून वाजवा,’ असं मी एकदा सुचवलं होतं. ते म्हणाले, ‘पेडल दाबायचा तं येका पायावर ऱ्हावं लागतं. मी काय बगला हाय?’

त्यांचं एकच पालुपद. बैठक जमली पायजे. हात काय, मागून येतो.

मला एकच गोष्ट कळत नसे. गिटार वाजवणारा माणूस पुढे वाकलेला असतो. पाठ टेकायचा प्रश्नच येत नाही. मग तो कंबरेमागचा पंजा कशाला? विचारलं की दादा खिशातली मेजरिंग टेप काढून दुसरंच काहीतरी मोजायला लागत.

आता आमच्याकडे बैठक म्हणजे काही फक्त बसणं नव्हे. सोयरीक ठरवायला दोन्हीकडची माणसं एकत्र बसतात, तीही बैठक. ती जमली तर साखरपुडा, नाही जमली तर आपापल्या घरी. हे दादांना माहीत नाही असं कसं म्हणू? पण त्यांच्या डोक्यात खुर्ची असली की दुसरा अर्थ शिरत नाही.

त्यांचा पुतण्या केतन. त्याच्यासाठी कशेळीला मुलगी बघायला गेलो. गाडी माझी, म्हणून मीही. गुबगुबीत नवा सोफा, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मुलगी आली, सायली नाव, पोहे देऊन समोर बसली. केतनचा चेहराच सांगत होता की काम झालं. मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, मंडळींचं कसं काय मत? सगळे थोरल्या काकाकडे, म्हणजे दादांकडे बघायला लागले. दादांचा पंजा तेव्हा कंबरेमागे होता. मोठ्या गंभीरपणे मान हलवत ते म्हणाले, ‘न्हाय. बैठक काय जमली न्हाय.’

वडिलांचे जोडलेले हात तसेच राहिले. केतनने माझ्याकडे असं बघितलं, जणू गाडी मी उलटवली होती. मी घाईघाईने सोफ्याकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटलो, पण ऐकतो कोण?

सावरलं ते सायलीने. ती दादांच्या पंजाकडे बघत होती. उठली, आत गेली आणि स्वतःची अभ्यासाची लाकडी खुर्ची घेऊन आली. हात नसलेली, सरळ पाठीची, साधी. ‘काका, यावर बसून बघा. त्या सोफ्याने आमच्याही कंबरा धरल्यात.’

दादा बसले. चवडा तीनदा आपटला. पंजा मागे सरकवायला गेले, तर तो सरकेना. असं मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहिलं. ‘जमली,’ ते म्हणाले आणि लगेच टेप काढून खाली बसले. मुलीकडून आम्ही काही घेतलं असेल तर एवढंच, एका खुर्चीची मापं.

साखरपुडा दुपारी होता, भिवंडीतल्याच एका हॉलवर. दादांनी मधल्या दिवसांत भंगारातून एक शाळेची खुर्ची आणून पाय कापले होते, पुढची कड तासून गोल केली होती, पाठीला लाकडी पट्टी ठोकली होती. रोज फोनवर त्याचाच रिपोर्ट. मला वाटलं, आज आमचा गिटारिस्ट सिंहासनावर बसणार.

प्रत्यक्षात ते मंडपवाल्याच्या हातवाल्या प्लास्टिक खुर्चीवर बसले. गिटार खुर्चीच्या हाताला आपटत होती. केतन अंगठी घालत असताना रडव्याऐवजी घोगरा दाबला गेला आणि पुढच्या बायका दचकल्या. मी ऑर्गनमागून डोळे वटारले. दादा हसत होते आणि फळीकडे बघतही नव्हते. ते जिकडे बघत होते तिकडे मी पाहिलं.

पहिल्या रांगेत, दादांनी बनवलेल्या त्या खुर्चीवर शेवंतावहिनी बसल्या होत्या. दादांची बायको.

इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. दादांच्या घरी त्या उभ्याने चहा देत, उभ्यानेच पीत. मी समजत होतो, जुन्या वळणाच्या आहेत. कार्यक्रमाला कधी येत नसत, तेव्हा वाटायचं की गाण्याची आवड नसेल. दादा गावोगाव वाजवत फिरत होते तेव्हा वहिनी लूमच्या कारखान्यात सूत गुंडाळून कांड्या भरत होत्या. एका उलट्या खोक्यावर, वाकून, शिफ्टमागून शिफ्ट. घर त्या कांड्यांवर चाललं आणि कंबर त्या खोक्यावर गेली. हे मला वहिनींच्या बहिणीने जेवताना सांगितलं. मला फार लाज वाटली. त्या पंजावर मी किती विनोद केले होते.

सामान आवरताना मी दादांना म्हटलं, आज तुमची बैठक काही जमली नाही.

ते फळी पुसत होते. वर न बघता म्हणाले, ‘माजी जाव दे रं. तिची जमली.’