सुमनचा शेवटचा ‘फाय’

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर मी चपला घालून आमच्याच घरात पुन्हा पुन्हा शिरलो आणि सुमननं दर वेळी मला दारातच अडवलं. "फाय!"

वेड लागलं नव्हतं. माझी बायको कॉलेजात इंग्रजी शिकवायची. मी बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर, शाळा सातवीत सुटलेली. लग्नानंतर ती शिकत गेली, मी डबे खात गेलो. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांत हा शब्द म्हणे पावलोपावली येतो. शी, छे, लाज नाही वाटत, सगळं त्यात आलं. कुठल्या नाटकात कोण कुणाला फाय म्हणतं, एवढ्या एका गोष्टीवर पुस्तक लिहायच्या मागे ही बाई निवृत्तीनंतर लागली. लोक काशीला जातात.

"कागदावर सगळे फाय सारखेच दिसतात हो," ती म्हणायची. "तोंडातनं काढल्याशिवाय कळत नाही, राग आहे का आणखी काय." म्हणून रोज संध्याकाळी मी उभा. कधी राजा, कधी दारुडा, कधी उधळ्या जावई. मला वाक्य नसायचंच. नुसती बोलणी खायची.

खालच्या गौरम्माला वाटायचं, म्हातारा-म्हातारी भांडतायत. ती साराचं भांडं घेऊन वर यायची. "अण्णा, जगळ बेड," म्हणजे भांडण नको. मी खरं सांगायला तोंड उघडलं की सुमन चिमटा काढायची. सार फार छान असायचं.

त्या संध्याकाळी एकच नाटक उरलं होतं. नवरा फार दिवसांनी घरी येतो आणि बायको म्हणते, फाय. सुमननं ओरडून बघितलं, कुजबुजून बघितलं. पटेना. मी वैतागलो. "अगं, मी सेकंड शिफ्ट करून यायचो तेव्हा कशी बोलायचीस?"

मग ती जवळ आली, माझ्या गालावर हात ठेवला आणि हळूच तो शब्द म्हणाली. "हेच. उद्या लिहिते."

झोपली ती उठलीच नाही.

तेराव्याला तिची विद्यार्थिनी वीणा आली. पुस्तक आता तीच पुरं करणार. सगळ्यांच्या देखत विचारते, "काका, एकच जागा राहिलीय. मॅडमनी राग ठरवला का माया?"

समोर मेव्हणा बसलेला, त्याची सून बसलेली. काय सांगणार? "राग," मी म्हटलं. "राग लिही."

तिनं लिहिलं आणि गेली. एवढ्या वर्षांची मेहनत बाईची, आणि शेवटची जागा चुकीची छापणार. का, तर म्हाताऱ्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून के. आर. पुरमला गेलो. दार वीणाच्या सासूनं उघडलं. वीणा आंघोळीला गेलेली. थांबलो असतो तर धीर सुटला असता.

"तिला सांगा, राग खोडायचा," मी दारातूनच म्हटलं. "मायेनं म्हणाली होती. माझ्या गालावर हात ठेवून."

"कोण?" म्हातारीनं विचारलं.

"माझी बायको."