इनासकाकांची राखीव जागा

इनासकाकांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला नावसुद्धा विचारलं नाही. दारातच अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत बघितलं आणि म्हणाले, "साडेनऊ. पालेभाजी खात नाहीस तू."

आता मी ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हिमोग्लोबिन असं पापणीत दिसत असेल, तर मी रोज मशीनपुढे काय माशा मारत बसते? दुसऱ्या दिवशी मुद्दाम माझंच रक्त तपासून घेतलं. नऊ पॉइंट सहा. इतका राग आला, की महिनाभर मी त्यांच्याकडे फिरकले नाही.

काका मूळचे वसईचे. डॉक्टर वगैरे काही नाही, डिझेल मेकॅनिक. पण सत्तावीस वर्षं झांबियातल्या एका मिशन हॉस्पिटलात काढलेली. पावसाळ्यात तिथला रस्ताच वाहून जायचा, मग महिनोन् महिने बाहेरचं माणूस दिसायचं नाही. काका जनरेटर चालवायला म्हणून गेले आणि प्लास्टर घालायला, दात उपटायला, पापण्या बघायला शिकले. तुम्ही का केलंत हे सगळं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मग कोण करणार?"

सध्या ते लेकीकडे राहतात. लेक म्हणजे माझी मैत्रीण रोझी, नर्स आहे. तिचा जीव पार मेटाकुटीला आलाय. गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथे जॅमच्या रिकाम्या बाटल्या रचलेल्या आहेत. मिशनात पातळ औषध हवं असेल तर बाटली घरून आणावी लागायची, त्यामुळे बाटली फेकणं काकांच्या लेखी महापाप. रीसायकलिंगचा ट्रक यायच्या दिवशी ते बिनपाशी पहाऱ्याला उभे असतात. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरचीही पापणी ओढली. रोझी शरमेने आत पळाली. तो बिचारा "नो वरीज, मेट" म्हणाला, आणि काकांनी "तेरा, चालेल" असा शेरा मारून त्याला कामाला लावलं.

राग गेल्यावर मी त्यांच्या तावडीत सापडले ती कायमचीच. काका मिशनचा इतिहास लिहितायत. दर रविवारी दुपारी ते वहीतून मराठीत वाचतात आणि मी इंग्रजीत टाइप करते. पहिली दोन प्रकरणं नुसती रॉकेलवर चालणाऱ्या फ्रिजवर आहेत.

"काका, यात माणसं कुठायत?" मी एकदा वैतागून विचारलं.

"फ्रिज नसता तर लसी टिकल्या नसत्या. लसी टिकल्या नसत्या तर माणसं कुठून आणली असतीस?" ते म्हणाले. मी फ्रिजचं पुढचं पान टाइप करायला घेतलं.

मिशनची दफनभूमीही काकांच्याच हातची. तिथले क्रूस लाकडाचे. वर्षा-दोन वर्षांत वाळवी ते फस्त करायची. मग नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी काका नवे क्रूस करून त्यांवर नावं रंगवायचे. ते इकडे आले आणि ते काम थांबलं. आता तिथे नुसतं गवत, आणि कोण कुठे आहे ते फक्त काकांच्या डोक्यात.

तिसऱ्या ओळीत त्यांची बायको आहे, तेरेजा. मिशनची सुईण होती ती. तिच्या शेजारची, अगदी टोकाची जागा काकांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. "मी इथे पाहुणा आहे," असं ते येईल त्याला सांगायचे. "मेल्यावर मला तेरेजाच्या शेजारी न्यायचंय." रोझीने तसं वचनही दिलं होतं.

गेल्या महिन्यात मिशनमधून मेल आला. दफनभूमीला लागून बाळंतिणींचा नवा वॉर्ड बांधायचा होता. कुणाच्या हाडांवर पाया नको, म्हणून त्यांना नकाशा हवा होता. शिवाय एक प्रश्न होता: तिसऱ्या ओळीच्या टोकाला कुणाला पुरलेलं आहे का? नसेल तर भिंत तिथून जाईल, असेल तर वॉर्ड चार खाटांनी लहान करू.

काकांनी डोळे मिटले, मनातल्या मनात दफनभूमीतल्या आंब्याच्या झाडापासून पावलं मोजली आणि एकेक नाव सांगत गेले, मी टाइप करत गेले. कुठेही अडखळले नाहीत. तिसऱ्या ओळीत तेरेजाचं नाव सांगितलं आणि थांबले.

मी म्हटलं, "काका, टोकाला आहे कुणीतरी, असं सांगा. कोण खणून बघणार आहे?"

रोझी किचनच्या दारात उभी होती. "हो डॅडी," ती म्हणाली. "तसंच लिहू दे तिला."

काका उखडलेच. "खाट नसली की बाई जमिनीवर बाळंत होते. मी बघितलंय, तुम्ही नाही. चार खाटा अडवून मी तिथे आरामात झोपू? जागा रिकामी आहे. लिही."

मी कीबोर्डवरचे हात मागे घेतले. डोळे भरून आले होते आणि त्यांचा रागही येत होता. "आणि तेरेजामावशी?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"इतकी वर्षं एकटीच पडलीय ती तिथे," ते म्हणाले. "आता भिंतीपलीकडे पोरं रडतील. सोबत होईल तिला."

मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून त्यांनी एका बोटाने टोकाच्या जागेपुढे 'एम्प्टी' हा शब्द लिहिला, आणि मला म्हणाले, "पाठव."