ओळंब्यातले रान

"सरकारी योजना कशी राबवायची, हे या गावाला एकदा दाखवूनच देतो!"

ओळंबाकाकांनी सकाळच्या चहाच्या वेळी ही घोषणा करताच काकूंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. काका आवेशात आले की त्यांचे हात हवेत लांबी-रुंदी दाखवू लागत आणि चहा सतरंजीवर जाई.

काकांची उभी हयात बांधकाम खात्यात गेली होती. भिंतीला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेले वजन, लावून ती सरळ असल्याची खात्री होईपर्यंत ते टेकून बसतसुद्धा नसत. निवृत्तीनंतर त्यांनी शेती हाती घेतली आणि कांद्याची रोपेही दोरी ताणून लावली. त्यामुळे गावाने बहाल केलेले 'ओळंबा' हे नाव ते पदवीसारखे मिरवत.

योजनेत उतरण्याचे कारण मात्र गंभीर होते. शेताकडेचा ओढा दर पुरात काठाचा लचका तोडी. आता गोठा काठाच्या इतका जवळ आला होता, की गायीने शेपूट उडवली तर ती पाण्यावर जाई. आणखी एक पूर आला, की गोठा गेलाच! अशा वेळी मृदसंधारण खात्याने योजना काढली. शेतकऱ्याने ओढ्याकाठचा पट्टा निसर्गावर सोडायचा. रान नीट माजले, की खाते स्वखर्चाने काठाला दगडी भिंत बांधून देणार. अट एकच होती. पट्ट्यात काहीही करायचे नाही.

नेमकी हीच गोष्ट काकांना जन्मात जमलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यांनी पट्ट्याला चुना लावलेल्या दगडांची हद्द घातली आणि 'नैसर्गिक पट्टा. आत पाऊल टाकू नये' अशी पाटी उभी केली. पाटी किंचित कलली म्हणून ती सरळ करायला ते स्वतः आत गेले. आत एक झुडूप वाकडे दिसले, ते उपटले. मग त्याच्या शेजारचे उगाच उंच दिसू लागले.

"अहो, त्यात काही करायचं नाही ना?" काकूंनी हद्दीबाहेरून विचारले.

"मी कुठं काय करतोय? निसर्गाला जरा शिस्त लावतोय!"

ही शिस्त इतकी वाढली, की पाहणीसाठी खात्याच्या मॅडम परवा येणार असल्याचा फोन आला, तेव्हा पट्टा नुकत्याच केलेल्या हजामतीसारखा गुळगुळीत झाला होता. आत नावालाही एक काडी नव्हती!

"आता दाखवा गावाला," काकू म्हणाल्या.

काका तडक शेजारच्या शेतात गेले. ते काकूंच्या धाकट्या भावाचे होते. मेव्हणा बाजेवर आडवा होता आणि त्याच्या ओढ्याकाठी गवत, वेली, काटेरी जाळ्या अशा माजल्या होत्या, की मालक कोण आणि पाहुणा कोण हे कळू नये.

"मला थोडं तण पाहिजे," काका जमिनीकडे पाहत म्हणाले.

मेव्हणा ताडकन उठून बसला. असे गेल्या कित्येक वर्षांत घडले नव्हते. "दाजी, मागच्या वर्षी याच तणावरून तुम्ही माझी तक्रार करणार होतात!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"न्या, पाहिजे तेवढं न्या! मुळासकट न्या! मी मदतीला आलो असतो, पण..." असे म्हणून तो पुन्हा आडवा झाला.

काकांनी गाडाभर तण आणले. ते कसेही खोचून दिले असते, तरी निभावले असते. पण हात खात्याचे होते! दोरी ताणली गेली, रोपांत वीतभर अंतर राखले गेले, बुटके तण पुढे आणि उंच तण मागे, शाळेतल्या वर्गाच्या फोटोसारखे उभे राहिले. एका झुडपात त्यांनी पाखराचे जुने घरटेही बसवले, पातळी तपासायची पाणसळ लावून!

मॅडम आल्या. पट्ट्यासमोर येऊन त्यांनी चष्मा पुसला.

"काका, हे पीक कोणतं?"

"पीक नाही, मॅडम. रान आहे. आपोआप उगवलंय."

"आपोआप? एका रेषेत?"

इथे काकांनी गप्प राहायला हवे होते. काकूंनी तसे डोळ्यांनी सांगितलेही. पण आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्या रेषेची दखल घेतली होती.

"रेषेचं काय घेऊन बसलात! कर्णसुद्धा मोजून पाहा. एका सुताचा फरक निघाला तर नाव बदलेन!"

काकूंनी कपाळावर हात मारला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लागवड केलेली जमीन या योजनेत बसत नाही. पुढच्या वर्षी बघू. तोवर कृपा करून काही करू नका."

एवढ्यात त्यांची नजर शेजारी गेली. "अगंबाई! हे कुणाचं? केवढी मेहनत घेतलीय!"

"मेहनत कसली, मॅडम," मेव्हणा बाजेवरून म्हणाला, "मी झोपलो होतो."

"विनयही आहे! तुमच्या काठाला भिंत मंजूर झालीच समजा!"

"पण त्याचा काठ ढासळतच नाही!" काका कळवळून ओरडले. "मुळांनी धरून ठेवलाय!"

"योजनेत रान माजायची अट आहे, काका. काठ ढासळायची नाही."

अशा रीतीने गरज नसलेल्या काठाला भिंत मिळाली. काकांच्या गायी पुराच्या भीतीने मेव्हण्याकडे हलवाव्या लागल्या आणि तिथले गवत खाऊन महिन्याभरात ओळखू येईनाशा झाल्या. काकूंनी खुरपे, दोरी, पाणसळ आणि तो ओळंबा कपाटात बंद केला आणि किल्ली कमरेला लावली. पट्ट्यासमोर खुर्ची टाकून त्यांनी बजावले, "वर्षभर नुसतं बसायचं!"

काका बसले. पाऊस पडून गेल्यावर पट्ट्यात खरेच आपोआप एक तुरा वर आला. हिरवागार, टवटवीत आणि डावीकडे जरासा झुकलेला!

तासाभराने काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा खुर्ची रिकामी होती. काका तुऱ्यासमोर उकिडवे बसून एक डोळा मिटून पाहत होते. त्यांच्या हातात पायजम्याची नाडी होती आणि नाडीच्या टोकाला रिकाम्या गोठ्याचे कुलूप लोंबत होते.

"अहो!"

"मी काहीच करत नाहीये गं," काका दुसऱ्या हाताने पायजमा सावरत म्हणाले. "नुसतं बघतोय!"